आगीनंतरचा तिसरा महिना

घर जळालेल्या कुटुंबाच्या मदतीला धावून जाणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. आग विझते न विझते तोच शेजारच्या घरांतून चहा, भाकरी, अंथरूण-पांघरूण येतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतलं मंडळ साड्या, भांडी आणि तांदूळ गोळा करतं, शाळेतल्या बाई मुलांसाठी वह्या पाठवतात, पुढारी पाहणी करून जातात, मोबाइलवरच्या गटांतून आवाहन फिरतं आणि चार-पाच दिवसांत बऱ्यापैकी रक्कम जमते. ही माया खरी असते आणि तिच्याशिवाय तो पहिला आठवडा निघालाच नसता. पण घर पुन्हा उभं राहण्याचं काम पहिल्या आठवड्यात होत नाही. ते अडतं तिसऱ्या महिन्याच्या आसपास. नातेवाइकांकडचा मुक्काम तोवर दोन्ही बाजूंना जड झालेला असतो, पंचनाम्याची प्रत हातात पडलेली नसते, विमा किंवा गॅस कंपनीकडून आणखी एका कागदाची मागणी आलेली असते, आणि आवाहन करणारा गट केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी अडचणीकडे वळलेला असतो. माझं म्हणणं असं की आगीत घर गमावलेल्या कुटुंबाला आपण देतो ती मदत फार लवकर संपते आणि बहुतेक वेळा चुकीच्या रूपात पोचते. त्यांना वस्तूंपेक्षा रोख पैसा अधिक लागतो, आणि त्याहूनही जास्त गरज असते ती जळालेले कागद पुन्हा मिळवताना महिनोन्‌महिने सोबत चालणाऱ्या माणसाची.

पूर आला किंवा भूकंप झाला की निदान सगळा गाव एकाच वेळी अडचणीत असतो. तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक गावात येतात, छावणी उघडते, याद्या लागतात, विधानसभेत प्रश्न विचारला जातो. एका घराची आग ही त्या घरापुरतीच आपत्ती असते. कांदिवलीच्या दामूनगरात ७ डिसेंबर २०१५ रोजी सिलिंडरचे स्फोट होत सुमारे दोन हजार झोपड्या जळाल्या, पुण्यात शिवाजीनगरच्या पाटील इस्टेटमध्ये २८ नोव्हेंबर २०१८ रोजी मोठी आग लागली, वांद्रे स्थानकालगतचं गरीबनगर तर मार्च २०११ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये पेटलं. या आगी लक्षात राहतात. पण गावाच्या टोकाचं एकटं घर किंवा चाळीतली एक खोली जळते तेव्हा जिल्हा पानावर चार ओळी येतात आणि विषय संपतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल काढतो. आगीतल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू राहत्या घरांत होतात, असं तो अहवाल सांगतो. मात्र ज्या आगीत माणसं वाचली आणि फक्त संसार गेला, ती आग त्या मोजणीत येत नाही, कारण ती मोजणी मृत्यूंची आहे.

याचा अर्थ सरकारदरबारी अशा कुटुंबासाठी काहीच नाही असा नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देता येईल अशा आपत्तींच्या केंद्र सरकारच्या यादीत आगीचं नाव आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांडीकुंडी-घरसामानासाठी आणखी २,५०० रुपये आहेत. झोपडीसाठी मात्र ८ हजार. घर पक्कं असो वा कच्चं, रक्कम सारखीच आहे. मातीच्या भिंतींचं कौलारू घरही या निकषात घरच ठरतं. गवत, माती, प्लास्टिकच्या तात्पुरत्या निवाऱ्यालाच झोपडी म्हटलं आहे. म्हणजे पंचनामा करणाऱ्याने घाईत ‘कच्चं घर’ऐवजी ‘झोपडी’ लिहिलं, तर त्या एका नोंदीने कुटुंबाचे १ लाख १२ हजार रुपये जातात. आणि ज्या रात्री सगळं जळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी कुटुंबातलं कोणीही पंचनामा वाचून पाहण्याच्या मनःस्थितीत नसतं. तिथे शेजारी किंवा कार्यकर्ता उभा राहिला, त्याने नोंद वाचली, भिंती कशाच्या होत्या हे उरलेल्या पायाकडे बोट दाखवून सांगितलं, तर त्याने केलेली मदत शंभर साड्यांपेक्षा मोठी असते.

पंचनाम्यातली दुसरी निर्णायक नोंद आगीच्या कारणाची. ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द आपल्याकडे फार सहज लिहिला जातो. पण कोणत्या तिजोरीचं दार ठोठावायचं हे या कारणावरच ठरतं. आग गॅसमुळे लागली असेल तर सरकारी तेल कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी काढलेला विमा लागू होऊ शकतो. त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच असा विमा आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमीच्या उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत, आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेमागे २ लाखांपर्यंत, अशी त्याची मर्यादा आहे. त्यासाठी गॅस वितरकाला घटना ताबडतोब कळवावी लागते आणि अग्निशमन दल व पोलिसांच्या कागदांत कारण स्पष्ट असावं लागतं. आग वीज कंपनीच्या वाहिनीतल्या दोषामुळे लागली असेल तर विद्युत निरीक्षकाची चौकशी आणि त्याचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. घराच्या आतल्या वायरिंगमुळे लागली असेल तर तो मार्ग बंद होतो. कारण शोधणं म्हणजे कुणाला दोष देणं, असं समजून घरचे लोक पुष्कळदा गप्प राहतात. चूल पेटती राहिली, दिवा कलंडला, असं काही निघालं तर सून किंवा आई दोषी ठरेल ही भीती असते. ती भीती समजून घेऊनही सांगायला हवं की अंदाजाने लिहिलेलं कारण कुटुंबाचंच नुकसान करतं.

पहिल्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. मदतीच्या उत्साहात जागा साफ केली जाते. जेसीबी येतो, राख आणि जळकं सामान उचलून नेतो, आणि पाहणाऱ्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. खरं तर पंचनामा, सगळ्या बाजूंनी छायाचित्रं आणि राख चाळणं, हे झाल्याशिवाय त्या जागेला हात लावू नये. सोनं वितळायला १,०६४ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि वितळलं तरी ते नाहीसं होत नाही, गोळा होऊन राखेत पडून राहतं. मंगळसूत्राच्या वाट्या, मुलीच्या कानातले, म्हातारीच्या पाटल्या हे पुष्कळ घरांत एकमेव साठवलेलं धन असतं, आणि ते ढिगाऱ्याबरोबर कचऱ्याच्या डेपोत जातं. नोटांचंही तसंच. कडांनी जळालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, हात लावताच मोडणाऱ्या नोटा बँकेची शाखा बदलून देत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात अशा नोटा विशेष पद्धतीने तपासून त्यांचं मूल्य ठरवलं जातं. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर इथे अशी कार्यालयं आहेत. तोवर ते बंडल सोडवू नये, मोजू नये, आहे तसं डब्यात ठेवावं. ही माहिती चार लोकांना असती तर किती तरी घरांची बचत वाचली असती.

आता कागदांकडे येतो, कारण माझ्या मते आगीचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी दिसणारं नुकसान तिथे आहे. जळालेल्या कागदांचे दोन प्रकार असतात आणि त्यांत गल्लत करू नये. काही कागद माणूस कोण आहे ते सांगतात: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक. हे पुन्हा मिळतात, कारण त्यांची मूळ नोंद दुसरीकडे संगणकात आहे. पण तिथेही क्रम चुकला की महिने जातात. आधार उतरवून घ्यायचं तर नोंदवलेल्या मोबाइलवर सांकेतिक अंक येतो, आणि तो मोबाइल जळालेला असतो. म्हणून पहिला मिळवायचा कागद हा कागद नाहीच, ते सिमकार्ड आहे: त्याच क्रमांकाचं, बोटांच्या ठशांवर ओळख पटवून घेतलेलं. सिम आलं की आधार, आधार आलं की बँक, बँक सुरू झाली की अनुदान जमा व्हायला जागा, आणि मग शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र वगैरे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रती शिक्षण मंडळाच्या विभागीय कार्यालयांतून मिळतात. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण अशक्य नाही.

दुसऱ्या प्रकारचे कागद माणूस केव्हापासून इथे आहे ते सांगतात, आणि खरा घात त्यांच्या जळण्याने होतो. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी ठरावीक तारखेपूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीच्या नोंदीचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे घरातल्या पत्र्याच्या पेटीत जपलेला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हा नातीच्या अभियांत्रिकी किंवा नर्सिंगच्या प्रवेशाचा आधार असतो. झोपडपट्टीत राहणाऱ्याचंही असंच आहे. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचं सिद्ध झालं तर पुनर्वसनात मोफत घर. त्यानंतरचा पण १ जानेवारी २०११ पूर्वीचा असेल तर अडीच लाख रुपये भरून. त्यानंतरचा असेल तर काहीच नाही. ही तारीख सिद्ध करणारी वीजबिलं, जुनी मतदार यादी, फोटोपास एका रात्रीत गेले तर त्या कुटुंबाचं शहरातलं पंचवीस वर्षांचं राहणं कागदावरून पुसलं जातं. घर आठ हजारांचं धरलं गेलं, पण त्या पेटीत गेलेला हक्क कुठल्याच पंचनाम्यात लिहिला जात नाही. माझा आग्रह आहे की तो लिहिला जावा. कोणकोणते कागद जळाले, त्यांवर कुणाची नावं आणि साधारण कोणती सालं होती, ही यादी पंचनाम्याला जोडली गेली आणि पोलिसांत तशी नोंद झाली, तर पुढे पडताळणी समितीसमोर किंवा पात्रतेच्या सुनावणीत सांगायला निदान आगीच्या वेळचाच एक दस्त हाती राहतो.

हे जुने कागद पुन्हा उभे करता येतात, पण त्यासाठी पायपीट लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पणजोबांची नोंद असू शकते. शाळा बंद झाली असेल तर ते रजिस्टर कुठे हलवलं हे शोधावं लागतं. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, तो गाव नमुना १४ तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडतो. जुनी पानं पुष्कळदा मोडीत असतात आणि मोडी वाचणारा गाठावा लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरपट्टीची नोंद असते. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, त्यामुळे ती नोंद फार मोलाची. शहरात जुन्या मतदार याद्या निवडणूक कार्यालयात असतात आणि वीज कंपनीकडे ग्राहक क्रमांकावरून जोडणीची तारीख निघते. ग्राहक क्रमांक आठवत नसेल तर शेजाऱ्याच्या बिलावरून माग काढता येतो. यातलं कोणतंही काम अवघड नाही, पण प्रत्येकाला एक दिवस लागतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी. जळालेल्या घरातल्या बापाने कामावर जायचं की अभिलेख कक्षाबाहेर बसायचं? बहुतेक वेळा तो कामावर जातो, आणि ते बरोबरच असतं. म्हणून हे काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा की ही सरकारची जबाबदारी आहे. नागरिकांनी कार्यालयांचे उंबरठे का झिजवावेत? मुद्दा रास्त आहे. आगग्रस्त कुटुंबाला सगळे दुय्यम दाखले एका खिडकीवर, विनाशुल्क मिळावेत ही मागणी लावून धरलीच पाहिजे. पण जे आज उपलब्ध आहे तेही वापरलं जात नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर त्यात अपील करता येतं. दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, तरीही कार्यालयाबाहेर गरिबांकडून मुद्रांक घ्यायला लावला जातो. अपील तेव्हाच होतं जेव्हा रीतसर अर्ज दिलेला असतो आणि त्याची पोच हातात असते. हे सांगणारा माणूस शेजारी असेल तरच कायदा त्या कुटुंबापर्यंत पोचतो.

दुसरा प्रश्न वस्तूंचा. कपडे, भांडी देणं चूक कसं म्हणता येईल? पहिल्या दोन-तीन दिवसांत ते लागतातच, पण काय लागतं हे विचारून दिलं तर. नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, लहान मुलाचं दूध, रक्तदाबाच्या गोळ्या आणि म्हाताऱ्या माणसाचा चष्मा. चष्मा जळाला की अर्जही वाचता येत नाही, आणि चष्म्यासाठी कोणी आवाहन करत नाही. जुन्या कपड्यांचे ढीग मात्र येतच राहतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेले जुने कपडे रस्त्याकडेला पडून राहिले आणि पुढे गूंज या संस्थेने ते गोळा करून, निवडून त्यांचा उपयोग केला. एका कुटुंबाच्या बाबतीत हा ढीग लहान असतो, पण ठेवायला जागा नसलेल्या घरात तो ओझंच असतो, आणि नकोशी वस्तू आभार मानून घ्यावी लागणं हा माणसाच्या आत्मसन्मानावरचा आघात असतो. ज्यांनी आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही त्यांना तो फार खोल लागतो.

रोख पैसे दिले तर नवरा पिऊन टाकेल, असं लगेच म्हटलं जातं. या शंकेचा अभ्यास झालेला आहे. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी रोख मदतीवरच्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला, आणि रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. व्यसनी माणूस एखाद्या घरात असतो हे खरं, आणि तिथे पैसे घरातल्या बाईच्या खात्यात जावेत. पण एका घराच्या भीतीपोटी सगळ्या घरांना भांड्यांचे संच वाटणं यात शहाणपण नाही. भांडी कुठली घ्यायची, आधी खोलीची अनामत भरायची की शिलाई मशीन आणायचं, हे त्या घराइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा दाखला भूकंपाचा आहे, आणि तो आगीलाही लागू पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये दोन पद्धतींनी घरं झाली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तिथे घरं ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली, आणि किती जमीन त्यावरून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर मिळालं. शेजार मोडला, भावकी विखुरली, गुरं बांधायला जागा उरली नाही अशी तक्रार पुढे अनेक अभ्यासकांनी नोंदवली. दुसरीकडे कमी नुकसान झालेल्या गावांत जवळपास दोन लाख घरमालकांना पैसे हप्त्याहप्त्याने बँकेत मिळाले, अभियंत्याने तांत्रिक सल्ला दिला आणि दुरुस्ती, मजबुतीकरण घरच्यांनी स्वतः करून घेतलं. या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभं केलं. हप्ता का अडला, कोणता कागद हवा, लिंटेलचा पट्टा कसा घालायचा, हे त्या घरोघरी जाऊन सांगत आणि कार्यालयात गावाची अडचण मांडत. नुकसान कमी होतं म्हणून ती पद्धत जमली, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. पण पैसा घराच्या हातात, तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आणि कागदाची वाट माहीत असलेली गावचीच बाई सोबत, या तीन गोष्टी एकत्र आल्या की सामान्य कुटुंब आपलं घर आपण उभं करू शकतं, हे तिथे दिसलं. एका जळालेल्या घरासाठी हेच करायला त्या पुनर्वसनासारखं जागतिक बँकेचं कर्ज लागत नाही.

सगळ्यात कठोर आक्षेप अतिक्रमणाचा. नुकसान झालेलं घर अधिकृत असल्याचं सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित करावं, अशी अट आपत्ती निधीच्या निकषांतच आहे. बेकायदा वस्तीला मदत केली तर अतिक्रमणाला बक्षीस मिळेल, असं करदाता म्हणतो. त्याला उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. घर जळालेल्या माणसाला भांडी, भाडं, औषध आणि हत्यारं देण्याने जमिनीवर कोणताही हक्क निर्माण होत नाही. आणि जमिनीचा प्रश्न सोडवायची रीत कायद्याने घालून दिली आहे. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं मान्य केलं आणि पदपथावरच्या माणसालाही रीतसर प्रक्रियेशिवाय हटवता येणार नाही असं सांगितलं. जे काम नोटीस, सुनावणी आणि पात्रतेच्या छाननीतून व्हायचं ते आगीने एका रात्रीत करून टाकावं आणि आपण ते निमूट स्वीकारावं, हे कायद्याचं राज्य मानणाऱ्याला शोभत नाही. जो आगीच्या आदल्या दिवशी पात्र होता तो दुसऱ्या दिवशीही पात्र राहिला पाहिजे. त्यासाठी महापालिकांनी पात्रतेच्या याद्या आधीच सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात.

विमा काढा, असंही सांगितलं जातं. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक आहे. आगीचं नुकसान तीत येतं आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरसामानही आपोआप धरलं जातं. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मध्यमवर्गीयाने ती घेतली नसेल तर जरूर घ्यावी. पण उद्याचा विमा कालच्या आगीला उपयोगी नाही, आणि विमा असलेल्या कुटुंबालाही सर्वेक्षक, अग्निशमन दलाचा अहवाल, खरेदीच्या पावत्या यांतून जावंच लागतं. तिथेही पुन्हा कागदच.

तिसऱ्या महिन्यात नेमकं काय अडतं ते पाहिलं तर मदतीचा हिशेब कसा मांडायचा हे उमगतं. घरातली कमावती हत्यारं गेलेली असतात: शिलाई मशीन, सुताराची करवत-रंधा, इस्त्रीची गाडी. हस्तकला आणि हातमाग कारागिरांसाठी आपत्ती निधीत अवजारांना ५ हजार आणि कच्च्या-पक्क्या मालाला ५ हजार रुपये आहेत, बाकीच्यांसाठी तसं नाही. बचत गटाचा किंवा सूक्ष्म वित्त कंपनीचा हप्ता मात्र दर आठवड्याला येतच राहतो. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात बँका कर्जाची पुनर्रचना करतात, पण एका घराच्या आगीने ते आपोआप घडत नाही. शाखा व्यवस्थापकाला लेखी विनंती करावी लागते, आणि गटातल्या इतर बायकांनी काही हप्ते सांभाळून घेतले तर तो खरा आधार ठरतो. भाड्याच्या खोलीला अनामत लागते. मुलगा शाळेत जायचं टाळतो, धाकटी रात्री दचकून उठते, घरातली बाई गॅस पेटवायला धजत नाही. सिमेंटचं घर असेल तर भिंती उभ्या दिसतात म्हणून लगेच रंग मारून राहायला जायचं नसतं. तापलेल्या काँक्रीटची ताकद घटलेली असू शकते आणि अभियंत्याकडून तपासून घेण्याचा खर्च असतो. यातल्या एकाही गोष्टीला पहिल्या आठवड्यातल्या तांदळाने उत्तर मिळत नाही. म्हणून जमलेली रक्कम एकदम संपवू नये. साधारण तिसरा हिस्सा पहिल्या पंधरवड्यात, तिसरा हिस्सा रोजगाराच्या हत्यारांसाठी आणि भाड्यासाठी, आणि उरलेली रक्कम अनुदान किंवा दावा येईपर्यंतच्या काळासाठी राखून ठेवावी, असं मला वाटतं. हिशेब मंडळाच्या फलकावर न लावता त्या कुटुंबाला दाखवावा.

आणि एक माणूस नेमावा. गणेश मंडळ, महिला बचत गट, शाळेचे माजी विद्यार्थी, निवृत्त तलाठी किंवा लिपिक, कोणीही. निवृत्त लिपिकासारखा माणूस या कामाला मिळाला तर फार उत्तम, कारण कोणत्या टेबलावर कोणता अर्ज जातो हे त्याला पाठ असतं. त्याने एक वही करावी, तीत अर्ज, पोच आणि पुढची तारीख लिहावी, आणि महिन्यातून दोन दिवस त्या कुटुंबासाठी ठेवावेत. कमीत कमी वर्षभर. संवाद सहाय्यकांचं काम राज्याने एकदा पाहिलं आहे. तालुक्यातल्या प्रत्येक घराच्या आगीमागे तहसील कार्यालयाने असा एक सहाय्यक मानधनावर द्यावा, ही मागणी महसूल विभागाकडे करण्यासारखी आहे.

भाडेकरूंचा प्रश्न तरीही उरतो, आणि तो सगळ्यात अवघड आहे. वस्तीत आग लागते तेव्हा जळालेल्या खोल्यांतली कितीतरी माणसं भाड्याने राहणारी असतात: उत्तर भारतातून किंवा मराठवाड्यातून आलेली, अकरा महिन्यांचा करारही नसलेली, दुसऱ्याच्या सिलिंडरवर रांधणारी. घराचं अनुदान मालकाच्या नावावर जातं, गॅसचा विमा नोंदणीकृत ग्राहकाच्या पत्त्यावर, पुनर्वसन झोपडीधारकाला. भाडेकरूला मिळू शकते ती कपड्यांची आणि भांड्यांची रक्कम, तीही त्याचं नाव राहत्या कुटुंबांच्या यादीत आलं तरच. पण तो दोन दिवसांत गावी किंवा ओळखीच्याकडे निघून जातो आणि पंचनाम्याच्या वेळी जागेवर नसतो. त्याचं नाव, कामाचं ठिकाण आणि गावाकडच्या नातेवाइकाचा फोन, हे शेजाऱ्यांना त्या पहिल्या रात्री माहीत असतं. चहा-भाकरी वाटता वाटता वस्तीतल्याच कोणीतरी ते एका कागदावर लिहून घ्यावं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि सकाळी पंचनाम्याला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती देऊन त्याची पोच मागावी.